वऱ्हाड अडवणाऱ्या बोल्टाची हकिकत

वैशाख, शके १८७७, भर दुपार

महाळुंग्याचे श्री. यशवंतराव पाटील यांच्या चरणी चिखलीच्या सयाजीचा दंडवत.

मी पाया पडलो आहे असं समजावं आणि पाय मागे घेऊ नयेत. आपल्याला काय म्हणून हाक मारावी हे मला आज कळेनासं झालं आहे. काल सकाळपर्यंत मी 'मामा' म्हणायची तालीम करत होतो. (आमच्या सुभद्राआत्याने बजावलं होतं की सासऱ्याला नुसतं 'मामा' म्हणायचं, 'अहो मामा' नाही, 'अहो' लावलं की जावई दबलेला वाटतो.) आता तो शब्द ओठापर्यंत येतो आणि परत आत जातो. तेव्हा तूर्त 'पाटील' म्हणतो. हे पत्र वाचून आपण जे ठरवाल त्याप्रमाणे पुढे दुरुस्ती करता येईल. आपली प्रकृती कशी आहे हे विचारायची रीत आहे, पण ज्याने मांडव घातला आणि ज्याच्या दारात वऱ्हाडच आलं नाही त्या माणसाला प्रकृती विचारणं म्हणजे मार मागून घेणं, म्हणून विचारत नाही. घरच्या मंडळींना नमस्कार. आपल्या दोन्ही खिलारी बैलांची तब्येत उत्तम असेलच. आमच्याकडे सर्व जण हातीपायी धड आहेत, एका बोटाचं नख सोडून. ते माझंच आहे.

मुद्द्यावर येतो. काल संध्याकाळी आमच्याकडून उष्टी हळद यायची होती, ती आली नाही. आज सकाळी वऱ्हाड यायचं होतं, तेही आलं नाही. मुहूर्त तेवढा वेळेवर आला आणि वेळेवर निघून गेला, कारण त्याला माझ्या लॉरीने यायचं नव्हतं. नवरदेवाची हळद आल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही, म्हणजे सुमन कालपासून पाटावर कोरडीच बसली असणार, हे मला ठाऊक आहे. मांडवात आणलेली मुलगी तशीच उठवत नाहीत, आलेल्या पाहुण्यांतलाच एखादा मुलगा बाशिंग बांधून उभा करतात, हीही रीत मला ठाऊक आहे. आपल्या मांडवात आज लग्नाच्या वयाचे, अंघोळ केलेले, इस्तरीच्या कपड्यांतले मुलगे पुष्कळ असतील, आणि आत्ता या घटकेला त्यांतला कोणीही माझ्यापेक्षा बरा दिसत असेल. माझी विनंती एवढीच, की हे पत्र पुरतं वाचून होईपर्यंत आपण कुणाला शब्द देऊ नये. पत्र लांब आहे, तेवढाच मला वेळ मिळेल.

आपल्याकडे काय काय बोललं जात असेल याचाही मला अंदाज आहे. नवरदेव मनगटी घड्याळासाठी रुसला. नवरदेव पळून गेला. नवरदेवाचं पुण्यात कुठेतरी दुसरं बिऱ्हाड आहे. पाटील, यातलं एकही खरं नाही. घड्याळ मला नको, वेळेचा आणि माझा संबंध किती आहे ते आज आपण पाहिलंच. पळून जायला गाडी चालू लागते, आणि गाडी चालू असती तर मी पळून आपल्याकडेच आलो असतो. खरं कारण इतकं लहान आहे की सांगायची लाज वाटते. माझ्या अंगठ्याएवढा एक गंजलेला बोल्ट.

मधे एक गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर आपण ती काढालच. सुपारी फुटली तेव्हा आपण मोठ्या मनाने म्हणाला होतात की वऱ्हाड आणायला आपले बैल आणि गाड्या पाठवतो. त्यावर मी निरोप धाडला होता की, 'आमच्या मंडळींना आता पेट्रोलची सवय झाली आहे, बैलगाडीने त्यांचं डोकं धरतं.' हे वाक्य मी कुठून आणलं देव जाणे. आमच्या मंडळींतल्या बऱ्याच जणांनी तोवर पेट्रोल पाहिलंही नव्हतं. पण निरोप गेला, आणि तो खरा दिसावा म्हणून मी भावकीतल्या सगळ्या गाड्या मोशीच्या एका वऱ्हाडाला देऊन टाकल्या. आत्या म्हणाली, एक तरी ठेव. मी म्हणालो, लॉरी असताना बैलगाडी मागे आली तर लोक काय म्हणतील. लोक काय म्हणताहेत ते आता आम्ही सगळे ऐकतोच आहोत.

ही लॉरी लष्कराच्या लिलावातली. लढाईत ती कुठे कुठे जाऊन आली ते तिलाच माहीत. माझ्याकडे आल्यापासून ती चाकणच्या बाजारातला कांदा पुण्याला नेते आणि वाटभर कुरकुरते. इंजिनातून धूर बाहेर नेणारी जी नळी असते तिच्या सांध्यातून थोडी हवा फुटत होती, त्यामुळे ती अशी फटफटायची की मी मोशीच्या पुलावर असलो तरी चिखलीतल्या म्हाताऱ्या 'सयाजी आला गं' म्हणून सुनांना भाकरी टाकायला सांगत. एरवी मला त्या आवाजाचा अभिमान होता. पण परवा बाशिंग डोक्याला लावून आरशात पाहिलं आणि काहीतरी बिघडलं. (माझ्या डोक्यात, गाडीत नव्हे.) वाटलं, नवरदेवाची गाडी सासुरवाडीत शिरताना कलेक्टरच्या मोटारीसारखी शिरली पाहिजे. कोणाला कळू नये, नुसती धूळ उठावी, आणि आपण मागे वळून पाहावं तर जावई उतरतो आहे. इंजिन उत्तम चालत होतं. हे वाक्य मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण आत्या ते कालपासून दर थोड्या वेळाने म्हणते आहे.

तर ती नळी इंजिनाला काही बोल्टांनी आवळलेली असते आणि मधे एक पातळ पट्टी असते, तिला गॅसकेट म्हणतात. ती जळली की हवा फुटते. बोल्ट काढायचे, जुनी पट्टी खरवडायची, नवी घालायची, बोल्ट आवळायचे. 'न्याहारी होईतो उरकतो,' असं मी काल सकाळी आत्याला सांगितलं. (कोणत्या दिवशीची न्याहारी, ते बोललो नव्हतो.) बोल्ट एकामागून एक निघाले. मी शीळ घालत होतो. जुनी पट्टी हात लावताच पापडासारखी चुरली, म्हणजे आता मागे फिरायची सोय राहिली नाही, कारण इंजिनाला हवा पुरवणारी नळीही त्याच सांध्यावर बसते. तो सांधा उघडा राहिला की इंजिनाला श्वास घेता येत नाही. आणि मग मी शेवटच्या बोल्टाला पाना लावला. तो अगदी मागच्या कोपऱ्यात, जिथे हात धड पोचत नाही, तिथे बसला होता. वर्षानुवर्षांच्या धगीने आणि गंजाने त्याचं आणि इंजिनाचं एक झालं होतं. मी जोर लावला. हलला नाही. मी 'बजरंगबली' म्हणून जोर लावला. पाना सटकला आणि नखाचं काम झालं.

मग मी माझ्या चुलतभावाला, ज्योतीरामला, बोलावलं. ज्योतीराम तालमीतला गडी आहे. गेल्या जत्रेत त्याने आपल्या गावच्या पैलवानाला चीतपट केलं होतं, त्याबद्दलही या पत्रात क्षमा मागून ठेवतो, आज कशाला काही बाकी ठेवायचं. मी लॉरीखाली उताणा झोपून खालून हात घालत होतो आणि त्याला कोणत्या बाजूला फिरवायचं ते सांगत होतो. पान्याला विहिरीवरच्या लोखंडी नळाचा तुकडा जोडला, म्हणजे दांडा लांब झाला, आणि ज्योतीराम त्यावर अक्षरशः लोंबकळला. बोल्ट जागचा हलला नाही, लॉरी मात्र हलली. पुन्हा लोंबकळला. असा सकाळचा बराचसा वेळ गेला. मग मी बाहेर येऊन पाणी प्यायलो, हात पुढे धरून मनातल्या मनात बोल्ट फिरवून पाहिला, आणि माझ्या पाचावर धारण बसली. खाली उताणं झोपल्यावर डावं उजवं होतं. आम्ही सकाळपासून तो सोडवत नव्हतो, आवळत होतो. ज्योतीरामला मी हे अजून सांगितलेलं नाही. आपण हे पत्र मांडवात मोठ्याने वाचणार असाल तर एवढा भाग वगळावा, कारण मला लग्नानंतर चिखलीतच राहायचं आहे.

यानंतर जे झालं त्याला गाव जबाबदार आहे. लॉरी आमच्या दारात मांडवालगत उभी, त्यामुळे जो जेवायला येई तो आधी बोल्ट पाहून जाई, नवरदेवाला नंतर. प्रत्येकाकडे उपाय होता. कुणी म्हणालं रॉकेल, म्हणून रात्रीच्या बत्त्यांसाठी आणलेलं सगळं रॉकेल त्याच्यावर गेलं. कुणी म्हणालं ताक. बायकांनी तांब्यापितळेला लावतात तसा चिंचेचा कोळ चोळला. त्याने बोल्ट असा लख्ख झाला की दिवाळीतल्या समईशेजारी ठेवावा, पण सोडायला तयार नाही. आमच्या गावच्या भगताने अंगारा लावला. मी पुन्हा पाना चढवला, या वेळी बरोबर बाजूला, तर सकाळच्या आमच्या पराक्रमाने बोल्टाचे कोपरे झिजून तो गोल झालेला. पाना नुसता भोवती फिरायचा. लांबून पाहणाऱ्याला वाटावं की काम जोरात चाललं आहे. दोघा-तिघांनी मला शाबासकीही दिली, आणि मी ती घेतली.

दुपारी चाकणहून रहिमानचाचा आले. ते लॉऱ्यांचे जुने मिस्त्री, मला गाडी चालवायला त्यांनीच शिकवलं, आणि ते काल वऱ्हाडी म्हणून आले होते, मिस्त्री म्हणून नव्हे. पांढरा शुभ्र पायजमा, अत्तर, डोळ्यांत सुरमा. मला वाटलं देव भेटला. चाचांनी कपड्याला डाग लागू नये म्हणून बाजेवर उभं राहून लांबून वाकून पाहिलं, बोल्टाला कान लावला, बराच वेळ लावला, आणि म्हणाले, "सयाजी, ह्यो अजून ऐकायच्या मूडमंदी न्हाई." मी विचारलं, मग काय करायचं. म्हणाले, "त्याला थोडं अपमान वाटू दे." आणि छिन्नी लावून घणाचा एक टोला दिला. छिन्नी सटकून शेजारच्या पाण्याच्या रबरी नळीत गेली. पाण्याची धार चाचांच्या पायजम्यावर उडाली, तीही गंजाच्या रंगाची. बोल्टाला अपमान वाटला की नाही माहीत नाही, चाचांना वाटला. त्यानंतर त्यांनी कपड्याची पर्वा सोडून दिली आणि एवढंच म्हणाले की, "आता ह्याला काडल्याबिगर मी जेवत न्हाई." ते अजून जेवलेले नाहीत, पाटील. आपण मला हाकलून दिलंत तरी त्यांना दोन घास घाला.

संध्याकाळ झाली आणि आत्या हळदीचं ताट घेऊन आली. मी म्हणालो, पाच मिनिटं थांब. आत्या म्हणाली, हळद थांबत नसते. शेवटी मला लॉरीच्या पायदानावर बसवून तिथेच हळद लावली, अंगावरच्या ग्रीसवरच. त्यामुळे हळद काही ठिकाणी चढली आणि काही ठिकाणी घसरली. सुवासिनी गाणी म्हणत होत्या आणि बॉनेटखालून चाचांचा ठोकण्याचा ताल पडत होता. (गाण्याला तो बरा लागला, असं नंतर दोघी म्हणाल्या.) माझं एक मन हळदीत होतं आणि दुसरं त्या बोल्टाच्या कोपऱ्यात. हळद उरकली. तेलात कालवलेली जी उष्टी हळद उरली, ती आत्याने वाटीत भरून, वर विड्याचं पान झाकून, माझ्या हातात दिली. म्हणाली, "नीट धर. ही सूनबाईची हाय." म्हणजे ती मी सांभाळायची, गाडी चालू झाली की आत्या ती घेऊन पुढे निघणार, आणि रात्रीच्या आत महाळुंग्याला पोचवणार, असं ठरलं.

चाचा खालून ओरडले, "तेल दे, तेल. रॉकेल संपलं काय? पातळ तेल कायबी दे." आणि मी वाटी पुढे करून त्या बोल्टावर ओतली. विचार करून ओतली असती तर गुन्हा झाला असता. मी विचारच केला नाही. हातात तेल होतं, तेल मागितलं, तेल दिलं. विड्याचं पान तेवढं माझ्या दुसऱ्या हातात राहिलं. मागे गाणं थांबलं. मी वळून पाहिलं तर आत्या जमिनीवर बसली होती. आत्या कधी अशी बसत नाही. मी आयुष्यात पुष्कळ मूर्खपणा केला आहे, त्याची बहुतेक यादी चाकणच्या बाजारात तोंडपाठ आहे, पण दुसऱ्याच्या मुलीची हळद मी पहिल्यांदाच इंजिनाला घातली. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी काय गमावून बसू शकतो. तोवर मला वाटत होतं की माझी अब्रू जाते आहे. अब्रूचं काय, ती आमच्या घरात येऊन जाऊन असते.

आज उजाडताच आत्या उठली आणि कोणाला न विचारता वऱ्हाडाच्या स्वयंपाकाच्या चुलीतले निखारे घमेल्यात भरून बोल्टाखाली ठेवले. चाचा म्हणाले, पेट्रोलची गाडी हाय, भडका उडंल. आत्या म्हणाली, उडू दे, एकदाची कटकट मिटंल. आम्ही पेट्रोलची टाकी सोडवून लांब नेली आणि सगळे उसाच्या फडामागे जाऊन उभे राहिलो, आत्या सोडून. बोल्ट तापला, लाल झाला नाही पण तापला, कालच्या हळदीचा धूर निघाला, आणि सगळ्या अंगणात वरणाला फोडणी दिल्यासारखा वास सुटला. मग आत्याला वाटलं की आता विझवावं, म्हणून तिने माझ्या अंघोळीसाठी काढलेलं गार पाणी वरून ओतलं. चर्र झालं. मी चाचांच्या सांगण्यावरून बोल्टाच्या गोल डोक्याला कानस मारून दोन बाजू सपाट केल्या, पाना चढवला, डोळे मिटले आणि बरोबर बाजूला हात दिला. तो फिरला. आधी एक बारीक करकर झाली, आणि मग तो असा सहज फिरत बाहेर आला की त्याचं काही म्हणणंच नव्हतं.

तो कशाने निघाला यावर चिखलीत आता तीन तट पडले आहेत. ज्योतीराम म्हणतो, काल सकाळच्या त्याच्या जोराने तो आतून ढिला झालाच होता. (मी मान डोलावली. काय करणार.) रहिमानचाचा म्हणतात, अपमान लागला, फक्त उशिरा लागला. आत्या म्हणते, हळद लागली म्हणून सुटला, नवरीच्या हळदीपुढे लोखंडही नमतं. बायका आत्याच्या बाजूच्या आहेत, त्यामुळे इतिहासात तेच राहील. माझा स्वतःचा यात काही वाटा होता असं कोणीच म्हणालेलं नाही, आणि बोल्ट निघाला त्याच सुमाराला आमच्या भटजींनी सूर्याकडे पाहून सांगितलं की मुहूर्त आत्ताच टळला. नवी पट्टी घालायला घेतली तर ती पाण्यात भिजून गेलेली. चाचांनी रॉकेलच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून पट्टी केली, फुटलेली रबरी नळी माझ्या नव्या उपरण्याने बांधली, आणि इंजिन चालू झालं. पाटील, आवाज पूर्वीपेक्षा दुप्पट झाला आहे.

एवढं सगळं वाचून आपल्याला वाटेल की ज्याला एक बोल्ट नीट काढता येत नाही त्याच्या हाती मुलगी का द्यावी. मीही वाटभर तेच विचारत होतो. एकच सांगतो. मुलगी पाहायला आम्ही आलो होतो तेव्हा माझ्याकडच्या सगळ्यांनी सुमनला काही ना काही विचारलं, स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, आणि निघताना तिने मान वर करून मला एकच विचारलं की लॉरी चढाला दमली तर काय करता. मी म्हणालो, खाली उतरून थोडा वेळ बसतो, ती गार झाली की निघतो. ती म्हणाली, "बरं हाय." बस, एवढंच झालं. पण मला आजवर कोणी काही विचारून माझ्या उत्तरावर 'बरं आहे' म्हणालेलं नव्हतं. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचत नाही, आणि कलेक्टरच्या मोटारीचं खूळही त्यातूनच आलं. मला सुमनशीच लग्न करायचं आहे. हे मी बाकी कुठल्याही शब्दांत लिहून पाहिलं तर खोटं वाटतं, म्हणून असंच लिहितो. सकाळचा मुहूर्त गेला, पण आत्या म्हणते गोरज मुहूर्ताला पंचांग लागत नाही. आज संध्याकाळी आपली जनावरं रानातून परततील, त्या वेळी जर आपण मांडव उतरवलेला नसेल तर आम्हाला बोलवावं. लहान तोंडी मोठा घास घेतला आहे. तोंड लहानच आहे, त्याबद्दल वाद नाही.

आपला, आपण म्हणाल तो,
सयाजी

ता. क. पत्र घेऊन येणाऱ्या सुभद्राआत्याच्या हातात एक वाटी आहे. तिच्यातली हळद काळपट दिसेल, पण ती काल माझ्या अंगाला लागलेलीच आहे. बोल्टाखाली ताटली होती, त्यात जी गळली ती आत्याने निपटून घेतली. नवीन कालवता आली असती आणि कोणाला कळलंही नसतं. आत्या म्हणाली, तसं नको. सुमनला माझ्याबरोबर आणि या लॉरीबरोबर, दोघांबरोबर नांदायचं आहे, तेव्हा दोघांची उष्टी लागली तर हरकत नसावी, पण तिला आधी विचारा. नको म्हणाली तर वाटी परत द्यावी, मी वाईट वाटून घेणार नाही. (घेईन.)

ता. क. दुसरं. हे पत्र चिखलीहून लिहिलेलं नाही. मघाशी महाळुंग्यात मोठा फटफटाट ऐकू आला असेल आणि कुत्री भुंकली असतील, ते आम्हीच. आपल्या वेशीबाहेर, मारुतीच्या देवळाशी सगळं वऱ्हाड लॉरीतच बसून आहे, आपल्याकडची मंडळी घ्यायला येईपर्यंत नवरदेवाने वेस ओलांडायची नसते म्हणून. मी बॉनेटवर कागद ठेवून लिहितो आहे. अक्षर हलतं आहे ते भीतीने नव्हे, इंजिन चालू आहे म्हणून. ते मी बंद केलेलं नाही, कारण एकदा बंद केलं तर पुन्हा चालू होईल असं रहिमानचाचासुद्धा छातीठोक सांगत नाहीत. वर 'इंजिन चालू झालं' असं जे लिहिलं आहे ते या अर्थाने वाचावं.

ता. क. तिसरं, आणि खरं तर याच्यासाठीच एवढं लिहिलं. गाडीला मागचा गिअर पडत नाही. हे मला ठाऊक होतं, पण कांद्याच्या धंद्यात मागे जायची वेळ फारशी येत नाही. देवळापासून पुढे दोन्ही बाजूंना दगडी बांध आहेत आणि लॉरी वळवायला जागा अशी ती फक्त आपल्या वाड्यापुढच्या अंगणात आहे, जिथे मांडव घातला आहे. तेव्हा आपला नकार असेल तर आत्याबरोबर तसं सांगून मांडवाचे पुढचे दोन खांब काढून ठेवावेत, म्हणजे आम्ही खाली मान घालून आत येऊ, वळू, आणि कोणाला तोंड न दाखवता परत जाऊ. होकार असेल तर खांबांना हात लावू नका. मी इंजिन बंद करतो आणि चालत येतो.